झाडाखालचं आणि कड्यावरचं

सुरतेच्या आमच्या कॉलेजात, जीवशास्त्र विभागात, पुन्हा चिठ्ठ्या काढायचे दिवस आले आहेत. श्रावण लागला की प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर काचेच्या दोन बरण्या येऊन बसतात. एकीत वनस्पतींच्या चिठ्ठ्या, दुसरीत प्राण्यांच्या. प्रत्येकानं दोन्हींतून एकेक उचलायची आणि जी जोडी हाती लागेल तिची तुलना वर्गासमोर उभं राहून करायची. काल पहिल्या वर्षाची एक मुलगी वड आणि वटवाघूळ घेऊन खुशीत चालली होती. मला बघून थांबली, मला काय आलं होतं ते विचारू लागली.

"दीदी, तमने शुं आवेलुं?"

मी सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. मी तिला हसू दिलं. तेव्हा मीही हसले होते.

माझ्या पहिल्या वर्षी माझ्या एका चिठ्ठीवर होती जुन्या जंगलात वाढणारी, आता नाहीशी होत चाललेली एक अळंबी. दुसरीवर डोंगरकड्यांवरचा रानटी बकरा. अळंबी खरं तर वनस्पती नाही. मी ते सरांना भीतभीत विचारलंही. सर म्हणाले, "साची वात छे, बेटा. पण त्रीजी बरणी क्यां छे आपणी पासे?" तिसरी बरणीच नाही, म्हणून तिला झाडापानांत बसवलेलं. माझ्या शेजारी बसणारी हेतल म्हणाली, "एक हाले नहि, ने बीजो ऊभो रहे नहि. कर हवे सरखामणी." एक हलत नाही आणि दुसरा थांबत नाही, कर आता तुलना. सगळा वर्ग हसला.

त्या पावसाळ्याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. नीट जमेल की नाही माहीत नाही. आठवायला बसलं की आधी वास येतात. सुरतेच्या कडेला, भेस्तानच्या आमच्या खोलीमागच्या खाडीचा आंबूस वास. तिचं पाणी कापड रंगवणाऱ्या रंगखात्यांच्या मर्जीनं कधी जांभळं, कधी हिरवं वाहायचं. ओल्या भिंतींचा वास, आणि वडिलांच्या, आप्पांच्या, व मामाच्या कपड्यांना येणारा यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, तेलाचा वास. तो साबणानं जात नसे. पावसात कपडे वाळायचे नाहीत, म्हणून दोरीवर तो वास दिवसभर टांगलेला असायचा.

निंबामामा मायचा धाकटा भाऊ. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. मामी आणि दोन मुलगे गावी होते आणि मामा आमच्याकडे राहून आप्पांच्याच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लूम चालवायचा. बाकीचं वर्षभर त्याला सुरत चालायची. पावसाळ्यात मात्र तो बेचैन व्हायचा. खोलीच्या दारात उकिडवा बसून गल्लीतल्या चिखलाकडे बघत राहायचा. डोंगरात आता हे उगवलं असेल, ते उगवलं असेल, असं मायला सांगायचा. माय इथल्या गल्लीकडे हात करून म्हणायची, "आठे काय उगस रे निंबा? चिखलच उगस."

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. कॉलेजची पुस्तकं गुजरातीत आणि इंग्रजीत. घरात अहिराणी. त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर मला ती तीन घरांतून फिरवून आणावी लागे. सरांनी मला इंग्रजी मासिकातल्या एका लेखाची झेरॉक्स दिली होती. ती मी खाटेवर मांडी घालून वाचत होते, समोर कागदावर उभी रेघ मारलेली. डावीकडे अळंबी, उजवीकडे बकरा.

मामानं विचारलं, "काय लिखी राहिनी, पोरी?"

मी सांगितलं की या दोघांत सारखं काय आणि वेगळं काय ते शोधायचंय.

"त्यामा काय शोधनं? दोन्ही बी भाकरसंगे ग्वाड लागतस."

चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, "पोरगी शिकी राहिनी अन् याले खावानंच सुचस."

मग मी त्याला बकऱ्याचं सांगितलं. काश्मीरच्या वर, पहाडांत राहतो. शिंगं पिळून ठेवलेल्या धोतरासारखी. त्याला मारखोर म्हणतात. तिकडचे लोक मानतात की तो साप खातो, रवंथ करताना त्याच्या तोंडातून फेस दगडावर पडतो, आणि तो वाळलेला फेस साप चावलेल्या जागेवर ठेवला की विष ओढून घेतो. मामाला हे फार आवडलं. तो म्हणाला, असा एक बकरा आपल्या गल्लीत बांधून ठेवायला पाहिजे. शिंगांसाठी लोक त्याला मारतात, हे सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, हे नको वाचूस. लहानपणी त्यानं गावच्या बकऱ्या वळल्या होत्या.

उजवी बाजू भराभर भरली. बकऱ्याला चेहरा आहे. तो कड्यावर उभा राहिला की समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीनं दिसतो, मोजता येतो, कमी झाला की कमी झाला असं म्हणता येतं. धोका दिसला की तो वर जातो, जिथे दुसऱ्या कुणाचा पाय ठरत नाही तिथे. डावी बाजू भरेना. अळंबीचं खरं अंग म्हणजे मातीतले धागे. ते झाडाच्या मुळांना बिलगून असतात. झाडाला मातीतलं पाणी मिळवून देतात आणि झाड त्यांना गोड रस देतं. आपण जिला अळंबी म्हणतो ते त्या धाग्यांचं फळ, चार दिवस वर येणारं. झाड तोडलं की खालचे धागे उपाशी मरतात. मेलेलं काही दिसत नाही. एके वर्षी फळ आलं नाही, दुसऱ्या वर्षी आलं नाही, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं. नेमकी कधी संपली ते कुणालाच सांगता येत नाही. हे वाचताना मला कसंतरी झालं होतं. मी तेवढं कागदावर लिहिलं नाही, कारण तो मुद्दा आहे की नाही ते मला ठरवता येईना.

तेव्हा भेस्तानच्या पुढे ऊस होता. तोडणीच्या दिवसांत भरलेल्या गाड्या चलथाणच्या साखर कारखान्याकडे जायच्या. त्या उसाच्या कडेला कॅनॉलजवळ एक जुनी आंब्याची वाडी होती. मालक कामरेजला राहायचा, वर्षातून एकदा आंबे उतरवायला यायचा. खाली पाचोळ्याचा जाड थर, आणि सावली इतकी की पाऊस थांबल्यावरही तिथे पडतच असल्यासारखा वाटे. सुट्टीच्या दिवशी मामा तिकडे फिरायला जायचा. एका सकाळी तो तिथून आला तो खांद्यावरच्या पंच्याची झोळी करूनच. त्यानं ती दारात उघडली. आत पांढऱ्या, स्वच्छ, नाजूक देठांच्या अळंब्या. ओल्या मातीचा आणि पाचोळ्याचा वास खोलीभर झाला. मायच्या तोंडावर माहेर आलं.

शेजारची गुजराती काकी डोकावली. "अरे, आ तो बिलाडीना टोप. आ कोई खातुं हशे?"

मांजरीच्या टोप्या, हे कोणी खातं का, असं तिचं म्हणणं. ती गेल्यावर मामा म्हणाला, "हिले काय समजस. गावनीच शे ही."

मग त्यानं एक माझ्यासमोर धरली. "तू तं हाईच शिकी राहिनी. तू सांग."

मी हातात घेऊन पाहिली. उलटून पाहिली. माझ्याजवळच्या झेरॉक्सवर शाईचा काळा डाग आणि त्यात एक राखाडी आकार, एवढंच दिसत होतं. मी म्हणाले, "मामा, मला नाही ओळखता येत. लेखातली वेगळी आहे."

"मंग मन्हं ऐक," मामा म्हणाला. एका अळंबीची कड किड्यानं खाल्लेली होती. किड्यानं खाल्लं म्हणजे माणसाला हरकत नाही. शिजताना लसूण टाकायचा, तो काळा पडला नाही म्हणजे हरकत नाही. लसूण पांढराच राहिला. यातलं काहीही खरं नसतं, हे मला सरांनी नंतर सांगितलं. किड्याचं पोट आणि आपलं पोट वेगळं, आणि लसणाला यातलं काही कळत नाही. पण मामाच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं होतं आणि चालून गेलेलं होतं, कारण त्या डोंगरातली अळंबी त्यांच्या हाताडोळ्यांच्या ओळखीची होती. परीक्षा ते नंतर करायचे, ओळख आधीच पटलेली असायची. इथे ओळख नव्हती, नुसती परीक्षा होती.

त्यांच्याकडे आणखी एक रीत आहे. रानातली अळंबी ज्यानं आणली त्यानं आधी खायची. बाकीच्यांनी त्या जेवणाला हात लावायचा नाही. आणणारा दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसतो, गप्पा मारतो, आणि दिवेलागणीला तो धडधाकट असला की मग घर जेवतं. मामा आमच्यासमोर ज्वारीच्या भाकरीबरोबर जेवला. बोटं चाटली. मायला म्हणाला, "अक्का, तू खाशी तं रडशी." बाकीची भाजी मायनं पातेल्यात झाकून ठेवली.

दुपारी खात्यातून माणूस आला. कोणी तरी आलं नव्हतं, लूम बंद होते, निंबाला पाठवा. मामा गेला. आप्पा आधीच पाळीवर होते. दिवेलागण झाली. मी भुकेली होते, भाजीचा वास सुटलेला. माय म्हणाली, "भाऊ समोर नही, तं कसं खावानं?" आम्ही मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली. पातेलं झाकलेलंच राहिलं. ती नसती थांबली तर आज हे लिहायला मी असते का, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

मामाला खात्यातच उलट्या सुरू झाल्या. आप्पा त्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि आम्हाला निरोप पाठवला. पावसाळ्यात त्या वॉर्डात सगळेच हगवणीचे, दोघादोघांत एक खाट. आम्ही पोचलो तेव्हा मामाच्या हाताला सलाईन होतं आणि त्याचे गाल आत गेले होते. मायला बघताच त्यानं पहिलं विचारलं, "तुम्ही खादं का?"

"नही."

त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं डॉक्टर आले, काय खाल्लं होतं म्हणून हिंदीत विचारू लागले. मामानं मायकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बाहर का भजिया खाया साहब." माय काही बोलली नाही. मीही नाही. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. आमच्यासारख्या लोकांना इथे जंगली म्हणतात. काहीही खातात, कुठेही हगतात, असं बसमध्ये आमच्या तोंडावर बोललेलं मी ऐकलेलं आहे. मांजरीच्या टोप्या खाल्ल्या, हे त्या भरल्या वॉर्डात मोठ्यानं सांगणं मामाला मरणापेक्षा जड वाटलं असावं. मरण येतंय हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

नंतर तो बरा झाला. खरंच बरा झाला. उलट्या थांबल्या, त्यानं पेज मागितली, शेजारच्या खाटेवरच्या उडिया माणसाची चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी हट्ट करून घरी आला. मायनं पातेलं तोवर खाडीत पालथं केलं होतं, त्यावरून तिच्यावर चिडला. भाजीचा दोष नाही, खात्यातल्या पाण्याचा आहे, असं त्याचं म्हणणं. खाडा पडला की लूम दुसऱ्याच्या हातात जातात, म्हणून त्याच्या दुसऱ्या सकाळी तो कामावरही गेला. जाताना मला म्हणाला, "तुन्हा बकराले सांग, निंबाले तुन्ही गरज पडनी नही."

त्याच दिवशी माझी वर्गासमोर बोलायची पाळी होती. मी चांगली बोलले. मला बोलताना घाम फुटतो, पण त्या दिवशी मन हलकं होतं. बकरा कसा दिसतो म्हणून वाचवला जातो, अळंबी कशी दिसत नाही म्हणून राहून जाते, एकाचा वैरी बंदूक आणि दुसरीची वैरी कुऱ्हाड, असं सगळं सांगितलं. मामाचं भाकरीचं वाक्यही सांगितलं. मुलं हसली तशी मी धीट झाले आणि म्हणाले की माझ्या मामानं परवाच वाडीतली अळंबी आणून खाल्ली, दवाखान्यात राहून आला, आणि आज परत कामावर गेलाय.

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, उलट्या खाल्ल्यावर लगेच झाल्या की उशिरा? मी म्हणाले, उशिरा. मग थांबल्या? मग बरं वाटलं? मी हो म्हणत गेले. सर उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हमणां ज जा, बेटा. एने सारुं थयुं नथी." आत्ताच जा, त्याला बरं झालेलं नाही. काही अळंब्यांत असं होतं, मधे एक दिवस माणसाला बरं वाटतं, आणि आत यकृत जळत असतं. त्यांनी डॉक्टरांसाठी चार ओळी लिहून दिल्या आणि रिक्षापर्यंत सोडायला आले.

खात्यात लूमचा आवाज इतका असतो की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जात नाही. तिथे सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खूण आहे. मी दारातून आत शिरले. मामा दोन ओळींच्या मधे उभा होता. मी ओरडत होते आणि माझाच आवाज मला येत नव्हता. आजारी आहेस, चल, याला मला खूण येत नव्हती. त्यानं मला पाहिलं, कॉलेजच्या कपड्यांत, भिजलेली. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलीस का?

मी मान हलवली आणि त्याचा हात धरून ओढत बाहेर आणलं. ट्यूबलाइटखाली सगळेच पिवळे दिसतात. बाहेर उजेडात त्याचे डोळे पाहिले. हळदीत बुडवल्यासारखे.

पुढचं मला फार सांगायचं नाही. या वेळी दवाखान्यात सगळं खरं सांगितलं आणि कोणी हसलं नाही. डॉक्टर धावपळ करत होते, पण उशीर झाला होता. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि मी तिथे बसून दगडावर वाळलेल्या फेसाचा विचार करत होते. कुठे तरी बर्फाच्या कडेला तो बकरा रवंथ करत उभा असेल, आणि एवढ्या मोठ्या सुरतेत त्याच्या फेसाचा कण नाही. खोटं आहे हे माहीत असूनही मला ते हवं होतं. मामाला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. मला तो मामीच्या नावानं हाक मारायचा. मी ओ द्यायचे. पाऊस उघडलेल्या एका दुपारी तो गेला. मामी पोचली तेव्हा घरात दिवा लावलेला होता.

सरांनी नंतर मला म्हटलं की तुलनेचा शेवट हवा तर पुन्हा लिहून दे. मी नाही लिहिला. एकदा मायनं विचारलं होतं, "जे नाहीसं व्हई राहिनं म्हणतस ना तू, ते व्हऊ दे ना. त्याले कशाले वाचाडनं?" मी तिला समजावलं की लेखातली अळंबी दूर थंड देशातली, ती कुणाला मारत नाही, ही वेगळी. माय म्हणाली, नाव तर एकच ना.  बकऱ्यासाठी मन लगेच कळवळतं. तो देखणा आहे, आणि विष उतरवतो असं लोक मानतात. वाचवायची ती गोष्ट चांगली असायला हवी, असं मीही आधी धरून चालले होते. पण मामाला जिनं मारलं तिनं काही केलं नव्हतं. ती आंब्याच्या मुळाशी आपल्या जागी उगवली होती. आपल्या जागी नव्हता तो मामा. हे वाक्य मी लिहिते खरी, पण मायला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

दिवाळीनंतर मामी मुलांना घेऊन सुरतेला आली. गावी राहून भागेना. आता ती साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणते, मुलं माझ्याच जुन्या शाळेत जातात.  पुढच्या पावसाळ्यात, उघडीप मिळालेल्या एका सकाळी, कात्री बाजूला ठेवून ती मला म्हणाली, "ती वाडी दखाड मले."

आम्ही कॅनॉलच्या कडेनं गेलो. वाडी नव्हती. आंबे कापून नेले होते आणि सगळ्या जमिनीवर रंगखात्याच्या भट्टीतली काळी राख पसरून ती सपाट केली होती. शेडचे लोखंडी खांब उभे राहिले होते. मी अंदाजानं एक जागा दाखवली. मामी खाली बसली आणि बोटांनी राख उकरू लागली. वीतभर गेली तरी राखच.

"खाल माटी शे का?"

"असेल."

"आते परत नही उगाव ना?"

झाडं गेली की धागे मरतात, हे मी वर्गासमोर उभं राहून सांगितलं होतं. मी म्हणाले, "नाही उगवणार, मामी."

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिनं उकरलेली राख पुन्हा खड्ड्यात लोटली. मग म्हणाली, मुलं सुट्टीत गावी गेली की रानात जातात, बापासारखीच, पांढरं दिसलं की उचलतात. मामानं खाल्लेली ती अळंबी एकदा तिला डोळ्यांनी पाहून घ्यायची होती, नीट लक्षात ठेवायची होती.

"आते त्यास्ना बापनी काय खादं व्हतं," ती राखेकडे बघत म्हणाली, "ते मी पोरेस्ले कसं दखाडू?"